खेळांतला टेस्ला आणि इतिहासांतला टेस्ला

पूर्वीं मुलांस इतिहासाची ओळख शाळेचें पुस्तक, घरांतील वडील माणसें, कीर्तन, नाटक व चित्रपट यांच्याकडून होत असे. आतां त्यांत एका नव्या गुरूची भर पडली आहे. तो गुरु म्हणजे पडद्यावर खेळावयाचे ऐतिहासिक व्हिडिओ गेम. ज्या मुलानें नकाशांत फ्लॉरेन्स शहर कधीं शोधलें नसेल, तो मुलगा त्या शहराच्या कौलारू छपरांवरून मनानें रोज धांवत असतो. या गोष्टीकडे नाक मुरडून पाहणें सोपें आहे, पण शहाणपणाचें नाहीं. जें मुलांच्या मनांत घर करतें, त्याचा विचार शाळेनें व पालकांनीं केलाच पाहिजे. म्हणून अशाच एका खेळांत डोकावून गेलेल्या एका थोर शास्त्रज्ञाविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

तो शास्त्रज्ञ म्हणजे निकोला टेस्ला, आणि तो खेळ म्हणजे ‘असॅसिन्स क्रीड’ या मालिकेंतील दुसरा खेळ. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें ही मालिका २००७ सालीं सुरू केली व हा दुसरा खेळ २००९ सालीं काढला. त्याची मुख्य कथा पंधराव्या शतकांतील इटलींत घडते. परंतु फ्लॉरेन्स, व्हेनिस इत्यादि शहरांतील जुन्या इमारतींवर वीस गुप्त चिन्हें लपविलेलीं आहेत. खेळणारानें एखादें चिन्ह हुडकून काढलें कीं त्याच्यापुढें चित्रांचीं कोडीं उभीं राहतात. या कोड्यांतून असें सुचविलें जातें कीं, जगाचा इतिहास म्हणजे टेम्प्लर नांवाच्या एका गुप्त मंडळाच्या कारस्थानांची मालिका आहे, आणि एदेन बागेच्या नांवानें ओळखलीं जाणारीं अद्भुत साधनें हस्तगत करण्यासाठीं तें मंडळ शतकानुशतकें झटत आहे. अशाच एका ठिकाणीं टेस्ला आणि एडिसन यांचीं चित्रें येतात. टेस्ला जगाला फुकट वीज देऊं पाहत होता, एडिसन त्या मंडळाचा साथी होता आणि मंडळानें टेस्लाचा घात केला, असा त्या कोड्याचा मथितार्थ आहे. २०१० सालीं निघालेल्या याच मालिकेच्या चित्रकथेंत तर सायबेरियांतील तुंगुस्का येथील १९०८ चा प्रचंड स्फोटही टेस्लाच्या यंत्राशीं जोडलेला आहे.

खेळ करणारांवर अन्याय होऊं नये म्हणून हेंही सांगितलें पाहिजे कीं, ऐतिहासिक घटनांवरून सुचलेली ही एक कल्पित कथा आहे, असें त्या खेळाच्या आरंभींच लिहिलेलें असतें. तेव्हां त्यांनीं कोणास फसविलें असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें निराळें आहे. टेस्लाच्या खऱ्या आयुष्यांत विद्यार्थ्यानें शिकावें असें जें आहे, नेमकें तेंच या कल्पित कथेखालीं झांकून जातें. आणि जें शिकूं नये, तें मात्र मनावर ठसतें.

प्रथम खरें चरित्र पाहूं. टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ रोजीं स्मिल्यान या खेड्यांत एका सर्बियन कुटुंबांत झाला. तें गांव तेव्हां ऑस्ट्रियन साम्राज्यांत होतें. आज तें क्रोएशियांत आहे. वडील धर्मोपदेशक होते व मुलानेंही तोच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा होती. आईस लिहितां वाचतां येत नव्हतें. परंतु घरकामाचीं लहानमोठीं हत्यारें ती स्वतःच्या कल्पनेनें तयार करी. आपली शोधकबुद्धि आपणांस आईकडून मिळाली, असें टेस्ला पुढें अभिमानानें सांगत असे. शालेय शिक्षण संपतें न संपतें तोंच त्यास पटकीनें गांठलें व कित्येक महिने अंथरुणास खिळविलें. त्या आजारांत, तूं बरा झालास तर तुला यंत्रशास्त्र शिकूं देऊं, असें वचन वडिलांनीं दिलें. मुलगा बरा झाला आणि वडिलांनीं शब्द पाळला.

१८७५ सालीं तो ग्राट्स येथील तंत्रविद्यालयांत दाखल झाला. तेथें विजेचें एक यंत्र चालतांना त्यांतून ठिणग्या उडत असलेल्या त्यानें पाहिल्या, आणि ठिणग्या पाडणारा तो भागच काढून टाकतां येणार नाहीं काय, असा प्रश्न त्यानें अध्यापकांस विचारला. अध्यापकांनीं भर वर्गांत ती कल्पना अशक्य ठरविली. टेस्लाच्या मनांतून मात्र ती गेली नाहीं. येथें त्याची दुसरी बाजूही सांगणें अवश्य आहे. याच काळांत तो जुगाराच्या नादीं लागला आणि पदवी न घेतांच त्यानें तें विद्यालय सोडलें. थोरांच्या चरित्रांतील अशा गोष्टी लपवूं नयेत. पण ‘टेस्लानें तरी कोठें पदवी घेतली होती?’ असें म्हणून कोणीं त्यांचा आधारही घेऊं नये. त्याच्या कामास पदवीचा अभाव उपयोगी पडला नाहीं. १८८२ सालीं बुडापेस्ट येथील एका बागेंत मित्राबरोबर फिरत असतां ज्या प्रश्नाचें उत्तर त्यास एकाएकीं सुचलें, तो प्रश्न कित्येक वर्षें त्याच्या मनांत घोळत होता, आणि हेंच त्याच्या उपयोगी पडलें. हातांतील काठीनें त्यानें तेथल्या तेथें वाळूंत आकृति काढून मित्रास दाखविली.

तें उत्तर काय होतें? तारेंतून वाहणारी वीज दोन प्रकारची असते. एक नेहमीं एकाच दिशेनें वाहते, ती एकदिश; दुसरी क्षणोक्षणीं दिशा पालटते, ती प्रत्यावर्ती. असे दोन किंवा अधिक प्रत्यावर्ती प्रवाह एकमेकांच्या किंचित् मागेंपुढें चालविले व यंत्राच्या स्थिर भागावरील गुंडाळ्यांतून फिरविले, तर तेथील चुंबकक्षेत्र आपोआप गरगर फिरूं लागतें, आणि मधला धातूचा फिरता भाग त्यामागें ओढला जाऊन फिरतो. त्या फिरत्या भागास बाहेरून वीज पोंचविण्याची गरज नाहीं. म्हणून घासणारे तुकडे नाहींत आणि ठिणग्याही नाहींत. आज आपल्या गांवच्या विहिरीवरील पंपास शेतकरी जी ‘थ्री फेज’ वीज मागतो, तिच्यामागें हेंच तत्त्व आहे.

१८८४ सालीं टेस्ला न्यूयॉर्कला उतरला तेव्हां त्याच्या खिशांत चार सेंट होते. तेथें त्यानें एडिसनच्या कारखान्यांत सुमारें सहा महिने नोकरी केली. नंतर स्वतःची कंपनी काढली, पण भांडवलदारांनीं त्यास वाऱ्यावर सोडलें. १८८६ च्या हिंवाळ्यांत ज्यानें विजेचीं यंत्रें कल्पिलीं त्याच हातांनीं तो रोजीं दोन डॉलरवर चर खणीत होता. पुढें नवे साहाय्यक मिळाले. मे १८८८ मध्यें त्यास पेटंटें मिळालीं आणि त्याच महिन्यांत अमेरिकन विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेपुढें त्यानें आपलें यंत्र समजावून सांगितलें. जॉर्ज वेस्टिंगहाउस या कारखानदारानें त्याचे हक्क घेतले. १८९३ सालीं शिकागोचें जागतिक प्रदर्शन प्रत्यावर्ती विजेनें उजळलें आणि १८९६ च्या नोव्हेंबरांत नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरास पोंचली.

आतां खेळांतील चित्राकडे वळूं. त्यांत एक एकाकी देवमाणूस आणि एक दुष्ट माणूस आहे. शास्त्राचा इतिहास असा नसतो. फिरत्या चुंबकक्षेत्राचें तत्त्व इटलींतील तूरिन येथें गॅलिलेओ फेरारिस यानेंही स्वतंत्रपणें शोधलें होतें, आणि मार्च १८८८ मध्यें तें प्रसिद्धही केलें होतें. विजेचा दाब कमीजास्त करणारें रोहित्र कामांत आणण्यांत गोलार्ड, गिब्ज व स्टॅन्ली यांचा वांटा होता. तीन प्रवाहांची जी पद्धति आज सर्वत्र चालते, तिला व्यवहारांत उतरविण्याचें मोठें काम जर्मनींतील एका कंपनींत असलेल्या दोलिवो-दोब्रोव्होल्स्की या अभियंत्यानें केलें; १८९१ सालीं लाउफेनहून फ्रँकफुर्टपर्यंत १७५ किलोमीटर वीज नेऊन दाखविली गेली. ज्या खेळाच्या कथेंत इटलीचा एवढा थाट आहे, त्या खेळानें इटलीच्या फेरारिसचें नांव मुलांस सांगितलें असतें तर किती चांगलें झालें असतें! टेस्लाची थोरवी यानें कमी होत नाहीं. अनेक हातांनीं उचललेल्या ओझ्याखालीं ज्याचा खांदा सर्वांच्या पुढें होता, तोही थोरच.

एडिसनविषयीं काय म्हणावें? त्याची एकदिश वीज कमी दाबाची असल्यामुळें वीजघरापासून मैल दीड मैलापलीकडे नीट पोंचत नसे. प्रत्यावर्ती विजेचा दाब रोहित्रानें वाढवून ती दूर नेतां येई व पुन्हां दाब उतरवून घरांत घेतां येई. आपल्या धंद्यावर हें संकट येत असलेलें पाहून एडिसनच्या पक्षानें प्रत्यावर्ती विजेविरुद्ध भीति पसरविली. त्या विजेनें मुक्या जनावरांस मारण्याचे प्रयोग त्याच्या प्रयोगशाळेच्या साहाय्यानें झाले, आणि १८९० सालीं पहिल्या विद्युत्-खुर्चीसाठीं प्रतिपक्षाचींच यंत्रें वापरलीं गेलीं. ही गोष्ट निंद्यच होती व ती कोणीं झांकूं नये. परंतु ही लढाई मुख्यत्वें एडिसन व वेस्टिंगहाउस यांच्या कंपन्यांची होती, आणि १८९२ सालीं एडिसनची कंपनी दुसऱ्या कंपनीशीं जोडली जाऊन तिच्यावरील त्याची सत्ता संपली. ज्याला स्वतःची कंपनी राखतां आली नाहीं, तो सगळ्या जगावर कारस्थान कसें चालविणार?

दंतकथा कशी वाढते याचा एक नमुना पाहा. एडिसननें टेस्लास पन्नास हजार डॉलर देण्याचें कबूल करून शब्द मोडला, असें आपण सर्वत्र वाचतों. टेस्लानें १९१९ सालीं स्वतः लिहिलेल्या आठवणींत हें वचन कारखान्याच्या व्यवस्थापकानें दिलें होतें, असें म्हटलें आहे. व्यवस्थापकाचा मालक झाला, आणि थट्टेचा विश्वासघात झाला. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. १९१७ सालीं अमेरिकन विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेनें टेस्लास आपलें सुवर्णपदक दिलें. त्या पदकाचें नांव काय होतें? एडिसन पदक! टेस्लानें तें स्वीकारलें आणि त्या प्रसंगीं एडिसनविषयीं आदरानें उद्गार काढले. ज्याच्यावर अन्याय झाला असें आपण म्हणतों, तोच जर इतका उदार होऊं शकला, तर शंभर वर्षांनंतर आपण त्याच्या वतीनें द्वेष कां बाळगावा?

आतां त्या प्रसिद्ध मनोऱ्याची कथा. १९०१ सालीं न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ येथें टेस्लानें सुमारें १८७ फूट उंचीचा मनोरा उभारण्यास आरंभ केला. जे. पी. मॉर्गन या पेढीवाल्यानें त्यासाठीं दीड लाख डॉलर दिले. ते अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी संदेश पाठविण्यासाठीं होते. त्याच वर्षीं १२ डिसेंबर रोजीं मार्कोनीनें पुष्कळ साध्या साधनांनीं महासागरापलीकडे खूण पोंचविली. टेस्लानें यावर आपली योजना वाढविली आणि आपणांस संदेशच नव्हे तर वीजही बिनतारी पाठवावयाची आहे, असें मॉर्गनला कळवून अधिक पैसा मागितला. मॉर्गननें नकार दिला. बाजारांत मंदी आली; दुसरा धनको मिळाला नाहीं; काम थांबलें. ज्या १९१७ सालीं पदक मिळालें, त्याच सालीं हॉटेलच्या देण्यापायीं तो मनोरा पाडला गेला.

या कथेंत गुप्त मंडळास जागाच कोठें आहे? करार एका गोष्टीचा, खर्च दुसऱ्या गोष्टीवर; प्रतिस्पर्धी पुढें गेलेला; हिशेब चुकलेला; आणि मुख्य म्हणजे त्या मनोऱ्यावरून दूर अंतरावर कामापुरती वीज पोंचविल्याचा एकही पुरावा नाहीं. हीं सर्व कारणें उघड्यावर आहेत व पत्रांतून वाचावयास मिळतात. ज्या विद्यार्थ्यास पुढें स्वतः कांहीं उभारावयाचें आहे, त्यानें या कारणांचा अभ्यास केला तर त्याला आयुष्यभर पुरेल एवढें शहाणपण मिळेल. पण ‘टेम्प्लरांनीं घात केला’ असें म्हटलें कीं अभ्यास संपला.

तुंगुस्काची गोष्ट तर याहून सोपी आहे. ३० जून १९०८ रोजीं सायबेरियांत सुमारें दोन हजार चौरस किलोमीटर अरण्य भुईसपाट झालें. अंतराळांतून आलेला एक मोठा पिंड हवेंत फुटल्यामुळें तें घडलें, असें शास्त्रज्ञ मानतात. वॉर्डनक्लिफचें काम त्यापूर्वींच बंद पडलें होतें.

कोणी म्हणेल, ‘अहो, हा खेळ आहे, त्याचें एवढें काय मनावर घेतां?’ आम्हीही प्रत्येक कल्पित कथेस पुराव्याची फूटपट्टी लावीत नाहीं. अलीबाबाची गुहा खोटी म्हणून कोणी रडत नाहीं. परंतु अलीबाबा हा कोणाचा बाप किंवा आजा नव्हता. एडिसन खरोखर होऊन गेला, त्याचे गुणदोष नोंदलेले आहेत, आणि उत्तर द्यावयास तो आज हयात नाहीं. मेलेल्या माणसाविरुद्ध दिलेली खोटी साक्ष ही जिवंत माणसाविरुद्ध दिलेल्या साक्षीपेक्षां कमी खोटी नसते. आणि यापेक्षांही मोठी हानि मुलाच्या बुद्धीची होते. जगांतील प्रत्येक दुःखामागें पडद्याआड बसलेलीं कांहीं दुष्ट माणसें आहेत, हा विचार मोठा गोड आहे. कारण त्यानें आपणांस कांहींच करावें लागत नाहीं. आज टेस्लाविषयीं असा विचार करणारा मुलगा उद्यां परीक्षेंत नापास झाल्यावर परीक्षकांचें कारस्थान शोधील, आणि परवां एखाद्या जातीचें किंवा धर्माचें कारस्थान शोधूं लागेल. आम्हांस भय आहे तें या संवयीचें.

तथापि लोकांच्या या आवडीनें एक चांगलें कामही झालें आहे, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. वॉर्डनक्लिफची जागा विकली जाणार असें समजतांच २०१२ सालीं हजारों सामान्य लोकांनीं लहान लहान वर्गण्या देऊन तेरा लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली, आणि पुढील वर्षीं ती जागा एका विज्ञानकेंद्रासाठीं घेतली गेली. त्यांपैकीं कित्येकांनीं टेस्लाचें नांव प्रथम दंतकथेंतच ऐकलें असेल. यावरून दिसतें कीं कुतूहल कोठूनही जागें होवो, त्याला योग्य वाट दाखविली तर तें फळतें.

आमच्या विद्यार्थ्यांस ती वाट शोधण्यासाठीं दूर जावयास नको. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याच्या परिसरांत पाणी अडवून तें खालीं खोपोलीस सोडलें जातें. तेथील वीजघरांतून १९१५ सालापासून मुंबईच्या गिरण्यांस प्रत्यावर्ती वीज मिळूं लागली. उलट १९२५ सालीं मुंबईंत जी पहिली विजेची आगगाडी धांवली ती एकदिश विजेवर, आणि मुंबईच्या लोकलगाड्या पुढें कित्येक दशकें तिच्यावरच चालल्या. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर वीज नेणारी वाहिनीही अतिउच्च दाबाच्या एकदिश विजेची आहे. म्हणजे टेस्लाचा प्रवाह व एडिसनचा प्रवाह दोन्ही आज महाराष्ट्राच्या सेवेंत आहेत. मनुष्यांचीं भांडणें विरून गेलीं, उपयोगाचें ज्ञान मात्र उरलें.

विद्यार्थिमित्रांनो, खेळांत एखादें नांव भेटलें तर तें कागदावर टिपून ठेवा. मग ग्रंथालयांत जा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा: हें कोणी सांगितलें? त्याला कसें कळलें? दुसऱ्या पक्षाचें म्हणणें काय? आणि पालकांस आमची नम्र विनंती अशी कीं, आपला मुलगा किंवा मुलगी कोणता खेळ खेळते तें एकदां शेजारीं बसून पाहावें. आम्हीं ज्या खेळाविषयीं लिहिलें, त्याच्या वेष्टनावर अमेरिकेंत सतरा वर्षांवरील व युरोपांत अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठीं अशी खूण आहे; त्यांत रक्तपात पुष्कळ आहे. खूण न वाचतां लहानांच्या हातीं तो देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. मोठ्या मुलांस मात्र नुसता निषेध करून भागणार नाहीं. त्यांच्याशीं बोललें पाहिजे.

टेस्ला ७ जानेवारी १९४३ रोजीं न्यूयॉर्कच्या एका हॉटेलांतील खोलींत एकटाच वारला. उतारवयांत त्याच्याजवळ पैसा नव्हता, आणि खिडकींत येणाऱ्या कबुतरांची त्यास सोबत होती. १९६० सालीं जगांतील शास्त्रज्ञांनीं चुंबकक्षेत्राची तीव्रता मोजण्याच्या एककास त्याचें नांव दिलें. आज इस्पितळांतील एम. आर. आय. यंत्राची शक्ति त्याच नांवानें मोजतात. त्याचें स्मारक करावयाचें तर आणखी एक गोष्ट करतां येईल. ‘हें अशक्य आहे’ असें वर्गांत ऐकल्यावरही ज्यानें प्रश्न सोडला नाहीं आणि उत्तर मिळतांच जें वाळूंत आखून दाखविलें, त्याच्याविषयीं आपण जें जें सांगूं तें तसेंच आखून दाखवितां येईल असें असावें.